लोकलमध्ये सगळ्यांसमोर उलटी होईल ही भीती: गोळी शोधण्याआधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय २७, राहणं कासारवडवलीला, ऑफिस घणसोलीला. घरापासून ठाणे स्टेशनपर्यंत टीएमटीची बस, पुढे नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल. गाडीत सगळ्यांसमोर उलटी होईल या धास्तीने गेल्या वर्षभरात तुम्ही सकाळी काही न खाताच निघता, पर्समध्ये कॅरीबॅगा आणि ओन्डॅनसेट्रॉन या उलटी थांबवायच्या गोळ्यांची पट्टी असते, लेडीज डब्यात दाराशीच उभ्या राहता, मध्येच ऐरोलीला उतरून रिक्षा करता आणि अगदीच जमलं नाही तर घरूनच कॅब बोलावता. प्रत्यक्षात शेवटची उलटी शाळेत असताना झाली होती. आई म्हणते, मनाचे खेळ आहेत. तुम्ही विचारताय की मळमळ होऊच नये म्हणून कोणती गोळी घ्यावी आणि पुढच्या महिन्यात ऑफिसच्या महाबळेश्वर सहलीला जावं की नाही.

मी ठाण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. ही भीती घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो, मळमळ कशी थांबवू. माझ्या मते घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. आज उलटी होणार नाही याची तुम्हाला रोज सकाळी खात्री हवी असते, आणि ती मिळाल्याशिवाय पाय घराबाहेर पडत नाही. अशी खात्री जगात कुणालाच मिळत नाही. तुमच्या शेजारी उभं राहून डुलक्या घेणाऱ्या बाईकडेही ती नसते, तिला फक्त तिची गरज वाटत नाही. त्यामुळे आपलं काम आहे ते मळमळ असतानाही गाडीत बसून राहायला शिकण्याचं. मळमळ त्यानंतर बरीच कमी होते, पण तिला आधी घालवून मग प्रवास करू असा क्रम लावलात तर वर्षं निघून जातात.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. गाडी लागणं आणि ही भीती यांत नेहमी गल्लत होते, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. गाडी लागते ती हालचालीमुळे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की शरीर हलतंय, मोबाईलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे, आणि या विसंगतीतून मळमळ येते. म्हणून ती घाटात, बसच्या मागच्या सीटवर, वाचताना जास्त होते. गाडी सुरू झाल्यावर थोड्या वेळाने चढते आणि उतरल्यावरही काही वेळ डोकं जड राहतं. भीतीची मळमळ हालचालीची वाट बघत नाही. ती आदल्या रात्री सुरू होते, किंवा टीएमटीच्या स्टॉपवर, बस अजून दिसलेलीही नसताना. ऐरोलीच्या फलाटावर पाय टेकला की मिनिटाभरात उतरते. संध्याकाळी घरी परतताना बरीच सौम्य असते. आणि सगळ्यात ठळक खूण म्हणजे गाडी ठाण्यात शिरण्याआधी सिग्नलला थांबते तेव्हा काय होतं ते बघा. डबा जागचा हलत नाही, म्हणजे गाडी लागायचं काही कारणच नाही, आणि तरी त्याच वेळी पोटात सगळ्यात जास्त ढवळत असेल, तर ती अडकल्याची भीती आहे. तुम्ही लिहिलेल्या तपशिलावरून तुमचं लोकलमधलं दुखणं या दुसऱ्या प्रकारात बसतं. महाबळेश्वरच्या बसमध्ये मात्र दोन्ही एकत्र येऊ शकतात, त्याबद्दल शेवटी लिहिते.

शरीराची बाजू एकदा फॅमिली डॉक्टरांकडून तपासून घ्या. अर्धशिशी, आम्लपित्त, कानाच्या आतल्या भागाचा त्रास, लोहाच्या गोळ्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन, गरोदरपण, या सगळ्यांत मळमळ होते. वजन उतरत असेल, उलटीत रक्त दिसत असेल, पहाटे डोकेदुखीसकट उलट्या होत असतील, गिळताना अडकत असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. तपासण्या एकदा नीट झाल्या आणि काही निघालं नाही, तर मात्र तिथे थांबायचं. दर दोन महिन्यांनी नवी सोनोग्राफी हीसुद्धा खात्री मागण्याचीच एक तऱ्हा आहे.

आता पोटात नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर उभे आहेत. धोका वाटला की शरीरात ॲड्रेनॅलिन वाढतं. पचनाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो. घशाचे स्नायू आवळले जातात आणि काहीतरी वर येऊन अडकल्यासारखं वाटतं. ते खाली ढकलायला आपण सारखं गिळतो, गिळताना हवा पोटात जाते, पोट फुगतं, ढेकर येते, आणि ती ढेकर उलटीची नांदी वाटते. त्यात श्वास भरभर आणि वरवर चालू झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, मळमळ आणखी वाढते. रिकाम्या पोटी निघालात तर जठरातल्या आम्लाची भर. म्हणजे सकाळी उपाशी निघणं, सारखं गिळणं आणि पोटाकडे कान लावून बसणं, उलटी टाळायला तुम्ही जे करता त्यातूनच बरीचशी मळमळ तयार होते. ती खोटी नाही. आईंना हेही सांगा की मनाने सुरुवात केली तरी मळमळ पोटात खरोखरच होते.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे टेकू. या भीतीतला माणूस हळूहळू टेकू जमवत जातो. कॅरीबॅग, गोळ्यांची पट्टी, आल्याची वडी, पुदिन हरा, लिंबू हुंगणं, पाण्याची बाटली हातात धरून सारखे घोट घेणं, दाराजवळची जागा, ठरलेलाच डबा. आदल्या दिवशी बाहेरचं न खाणं, दुधाच्या पिशवीवरची तारीख तीनतीनदा बघणं, डब्यात कोणी आजारी दिसतंय का ते न्याहाळणं, घरी फोन करून ‘मला काही होणार नाही ना’ विचारणं. यातलं एकेक करताना बरं वाटतं, तिथेच तर गोची आहे. तुम्ही घणसोलीला सुखरूप पोचता आणि श्रेय जातं कॅरीबॅगेला. वर्षभरात इतके प्रवास उलटीशिवाय झाले, पण त्यातला एकही तुमच्या मेंदूने पुरावा म्हणून जमा केलेला नाही, कारण प्रत्येक वेळी ‘दाराशी होते म्हणून’, ‘उपाशी होते म्हणून’, ‘ऐरोलीला उतरले म्हणून वाचले’ अशी पुरवणी जोडलेली होती.

साधी खबरदारी कोणती आणि टेकू कोणता, हे ओळखायला एकच प्रश्न विचारा: हे घरी विसरलं तर मी गाडीत चढेन का? पाण्याची बाटली विसरली आणि तरी चढाल, तर ती बाटलीच. विसरली म्हणून माजिवड्यावरून परत फिराल, तर तो टेकू. कागदावर सगळे टेकू लिहून काढा आणि प्रत्येकापुढे, तो नसेल तर किती भीती वाटेल ते ० ते १०० मध्ये टाका. सगळे एकदम फेकायचे नाहीत. तसं करणारे चार दिवस जोरात असतात, पाचव्या दिवशी एक वाईट सकाळ येते आणि सगळे टेकू व्याजासकट परत येतात. सगळ्यात कमी आकड्याचा टेकू आधी सोडायचा. बऱ्याच जणांचा क्रम साधारण असा लागतो: आधी सारखे पाण्याचे घोट, मग वडी-गोळी तोंडात ठेवणं, मग घरचा फोन, मग दाराजवळची जागा, मग गोळ्यांची पट्टी, आणि शेवटी कॅरीबॅग. तुमचा क्रम वेगळा असू शकतो. दाराची जागा मात्र जमेल तितक्या लवकर सोडा, गर्दीच्या लोकलमध्ये दारात उभं राहणं हा खरा धोका आहे.

प्रवासाच्या पायऱ्या सुरू करण्याआधी एक-दोन आठवडे घरी सराव करा. मळमळीसारख्या, चक्करसारख्या संवेदना मुद्दाम आणायच्या आणि त्या आपोआप ओसरताना बघायच्या. फिरत्या खुर्चीवर एक मिनिट गोल फिरा. एक मिनिट भरभर श्वास घ्या. जागच्या जागी एक मिनिट धावा. पोटभर जेवल्यावर कमरेला थोडा घट्ट पट्टा बांधून दहा मिनिटं बसा. रिक्षात पाच मिनिटं मोबाईलवर वाचा. प्रत्येक प्रकारानंतर लगेच पाणी नाही, वडी नाही, पंख्याखाली धावणं नाही. खाली बसा आणि संवेदना किती आहे, ० ते १०० मध्ये, ते दर मिनिटाला बघा. एकेक प्रकार दिवसातून तीनदा. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, मानेचं दुखणं, कानाचा चक्करचा आजार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. घशात बोटं घालून उलटी काढायचा प्रयोगही कुणी करू नये, त्याची गरज नसते आणि त्यातून वेगळीच सवय लागू शकते.

त्याच काळात शब्दांची आणि आवाजांची सवय करा. या भीतीत माणसं ‘उलटी’ हा शब्दही टाळतात, ‘ते’ किंवा ‘तसं’ म्हणतात. वहीत पानभर ‘उलटी’, ‘ओकारी’, ‘उमासे’ लिहा, मोठ्याने म्हणा. मग व्यंगचित्र, मग फोटो, मग आवाजाची क्लिप. प्रत्येक गोष्ट कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की काम झालं असं समजा.

आता रुळावरच्या पायऱ्या. तुमचा मार्ग यासाठी सोयीचा आहे, कारण ट्रान्सहार्बरची स्टेशनं जवळजवळ आहेत. ठाणे ते ऐरोली हा पूर्वी बराच लांबचा टप्पा होता, २०२४ पासून मध्ये दिघा गाव स्टेशन झाल्यामुळे एक छोटी पायरी आयती मिळाली आहे. सुरुवात रविवारी दुपारी करा. पहिल्यांदा ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या फलाटावर वीस मिनिटं नुसत्या बसा. गाड्या येऊ द्या, जाऊ द्या, चढू नका. पुढच्या वेळी ठाणे ते दिघा गाव आणि परत. मग ठाणे-ऐरोली, मग ठाणे-रबाळे, मग घणसोली. हे सगळं आधी दुपारच्या रिकाम्या गाडीत, मग संध्याकाळी सहानंतर, मग सकाळच्या ऐन गर्दीत. आधी पॅसेजमध्ये, मग सीटवर आत, मग सीटवर दोन बायकांच्या मध्ये दाटीवाटीने. आधी उपाशी जात असाल तर एक पोळी खाऊन, मग पूर्ण नाश्ता करून. घणसोली सोपं झालं की तुर्भे, वाशी.

दार बंद असण्याचीच भीती असेल तर वेगळी पायरी लागते. पनवेल गाडीने बेलापूरला उतरा आणि बेलापूर ते पेंधर मेट्रोने जा. ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे, ११ स्थानकं आहेत, दारं बंद राहतात पण थोड्या थोड्या वेळाने उघडतात. तिथे जमलं की मध्य रेल्वेची एसी लोकल, आधी धीमी, मग जलद. काही जलद गाड्या मधली स्टेशनं न घेता मोठा टप्पा एकदम गाठतात. तो टप्पा शिडीच्या वरच्या टोकाला ठेवा. टीएमटीसाठीही तसंच: आधी कासारवडवली ते मानपाडा, मग माजिवडा, मग स्टेशनपर्यंत. घोडबंदर रोडच्या वाहतूक कोंडीत बस अडकली तर ते वाया गेलं समजू नका. अडकून पडल्यावर काय होतं, याचा सराव मुद्दाम शोधूनही मिळत नाही.

किती वेळा, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. नोकरी सांभाळून आठवड्यात चार-पाच सराव होत असतील तर चांगला वेग मिळतो. आठवड्यात एकदाच केलात तर मधल्या सहा दिवसांत भीती पुन्हा मूळ धरते. एका पायरीवरून पुढे कधी जायचं? मळमळ शून्यावर आली की, असं नाही. उलटी होईल हा तुमचा अंदाज पुन्हा पुन्हा चुकला आणि तो तुम्हाला आधीइतका खरा वाटेनासा झाला की. त्यासाठी फोनमध्ये चार ओळींची नोंद ठेवा. उदाहरणार्थ:

‘मंगळवार, ठाणे ते ऐरोली, संध्याकाळी ६:४०, सीटवर आत. अंदाज: दिघा यायच्या आत उलटी, ८० टक्के वाटतं. झालं ते: मळमळ ७० पर्यंत गेली, तोंडाला पाणी सुटलं, एकदा ढेकर. ऐरोलीला ३०. उलटी नाही. बॅग पर्समध्येच होती, पुढच्या वेळी घरी ठेवायची.’

या नोंदीतल्या पहिल्या ओळी गाडीत चढण्याआधी लिहायच्या. नंतर लिहिल्या तर मन सोयीने अंदाज बदलतं आणि शिकायचं ते निसटतं.

गाडीत मळमळीची लाट आली की काय करायचं? फार काही नाही, आणि तेच अवघड आहे. जबडा सैल सोडा, खांदे खाली. सारखं गिळणं थांबवा, लाळ जमली तर जमू दे. श्वास नाकाने साधारण चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, असे आठ-दहा. हे मळमळ घालवण्यासाठी नाही, भरभर श्वासाने चढलेली चक्कर उतरावी एवढ्यासाठी. मळमळ जातेय का हे तपासत श्वास मोजायला लागलात तर तोही एक टेकू होतो. मनात ‘नको, नको’ चालू असेल तर त्याऐवजी म्हणा: ‘मळमळ आलीय. राहू दे. वाढायची तर वाढू दे. मी घणसोलीला उतरणार आहे.’ नजर पोटाकडून बाहेर न्या, पण पळवून लावल्यासारखी नाही. समोरच्या बाईच्या डब्यात काय आहे, खिडकीबाहेर कोणतं नाक्यावरचं दुकान गेलं, इतकं साधं. लाट चढते, काही मिनिटं टिकते आणि उतरते. ती उतरताना तुम्ही गाडीत असणं, हे औषध.

आणि एखाद्या दिवशी राहवलं नाही आणि ऐरोलीला उतरलातच तर? उतरा, पण रिक्षा नाही आणि परतीचा फलाट नाही. बाकावर पाच मिनिटं बसा आणि त्याच दिशेची पुढची गाडी पकडा. एवढा एक नियम पाळलात तर मध्येच उतरण्याचं फारसं नुकसान होत नाही. उतरून घरी गेलात तर मात्र दुसऱ्या दिवशीची ऐरोली आणखी लांब जाते.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. समजा झालीच उलटी. मी तुम्हाला ‘होणार नाही’ असं लिहून देणार नाही. भीतीच्या मळमळीचा शेवट बहुतेक वेळा उलटीत होत नाही, पण वर्षानुवर्षं प्रवास करणाऱ्या कुणाही माणसाला कधीतरी खराब अन्नाने किंवा तापात होऊ शकते. तर लेडीज डब्यात काय होईल? आजूबाजूच्या दोघी-तिघी मागे सरकतील. कुणीतरी नाक मुरडेल. कुणीतरी ‘हिला बसू द्या गं, खिडकीजवळ घ्या’ म्हणेल, कुणी पाण्याची बाटली पुढे करेल, कुणी वर्तमानपत्र. दोन-चार मिनिटांनी पुढचं स्टेशन येईल, तुम्ही उतराल, फलाटावरच्या नळावर तोंड धुवाल, ओढणीला डाग असेल, ऑफिसला अर्धा तास उशीर होईल. दुसऱ्या दिवशी त्या डब्यात बऱ्याचजणी वेगळ्या असतील आणि ज्या असतील त्यांना सीट मिळवायची घाई असेल. हा प्रसंग अगदी असा, वाईटासकट, वहीत पानभर लिहा आणि आठवडाभर रोज मोठ्याने वाचा. ‘तसं काही होणार नाही’ अशी समजूत यात घालू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी तो लाजिरवाणा पण निस्तरता येणारा प्रसंग वाटायला लागतो. या भीतीवर इतका थेट उपाय मला दुसरा माहीत नाही.

डब्यात दुसऱ्या कुणाला उलटी झाली तर चार पावलं बाजूला व्हा, पण डबा बदलू नका. उतरल्यावर साबणाने हात धुवा. पोटाच्या संसर्गाच्या काही विषाणूंवर, उदाहरणार्थ नोरोव्हायरसवर, सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी जास्त चांगलं काम करतं. एकदा धुतलं की पुरे.

खाण्याचं थोडक्यात सांगते. निघण्याआधी तास-दीड तास काहीतरी हलकं खा: अर्धी बशी पोहे, उपमा, एक पोळी-भाजी, किंवा केळं. उपाशीपोटी नुसता चहा नको, त्याने आम्लपित्त वाढतं. तळलेलं आणि खूप तिखट सकाळी टाळणं ही साधी खबरदारी. सगळंच टाळून दोन बिस्किटांवर दिवस काढणं हा टेकू. भीतीमुळे जेवण कमी होऊन वजन घटत असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘डाएट चालू आहे’ म्हणून लपवू नका.

गोळ्यांबद्दल. ओन्डॅनसेट्रॉन केमोथेरपीनंतरच्या, शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांसाठी उपयोगी आहे. गाडी लागण्यावर ती फारशी चालत नाही. भीतीवर तर नाहीच. बद्धकोष्ठता, डोकेदुखी होते, आणि काही दुसऱ्या औषधांबरोबर घेतली तर हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. रोज पर्समधून काढून घ्यायची ही गोळी नव्हे. झटपट शांत करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्याही टाळा, सवय लागते आणि त्या सर्वात पक्का टेकू होतात. भीती फार वाढली असेल किंवा सोबत नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञ एसएसआरआय या चिंता-नैराश्यावरच्या गटातलं औषध सुचवू शकतात. त्यात एक गोष्ट आधीच माहीत हवी: पहिल्या एक-दोन आठवड्यांत या औषधांनीच मळमळ होऊ शकते. नेमकी हीच भीती असलेली माणसं तिसऱ्या दिवशी घाबरून औषध सोडतात. डॉक्टरांना ‘मला उलटीची भीती आहे’ हे स्वच्छ सांगा, म्हणजे ते कमी मात्रेपासून सुरू करतील.

घरच्यांसाठी दोन शब्द. तुम्ही आईंना ‘मला काही होणार नाही ना?’ विचारलं की त्या मायेने ‘नाही गं, काही होत नाही’ म्हणतात. त्या उत्तराचा परिणाम घोडबंदर रोडपर्यंतही टिकत नाही, मग दुसरा फोन. आईंशी आधीच ठरवून ठेवा की यापुढे उत्तर असं असेल: ‘मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. झालं तर निस्तरू. तू जा.’ ‘मनाचे खेळ’ म्हणून हिणवणं आणि सारखी समजूत काढणं, दोन्ही थांबवायला सांगा. पहिल्या आठवड्यात हे कठोर वाटेल, दोघींनाही.

हे सगळं एकटीने जमेल का, हे भीती किती खोल आहे त्यावर ठरेल. महिनाभर प्रामाणिकपणे करून फलाटाच्या पुढे सरकता आलं नाही, किंवा जेवण, नोकरी, झोप यांवर परिणाम झाला असेल, तर मदत घ्या. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा: ‘तुम्ही सीबीटी आणि एक्स्पोजर करता का? माझ्याबरोबर अशा पायऱ्यांची शिडी बनवाल का?’ (सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी उपचारपद्धती, एक्स्पोजर म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जाणं.) नुसतं रिलॅक्सेशन शिकवणं किंवा नुसत्या बालपणावर गप्पा, या भीतीला पुरत नाहीत. सरकारी पर्याय हवा असेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. नाव ऐकून बिचकू नका, दाखल न होता तपासून घ्यायला तिथे जाता येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं.

सहलीला जा. पण सराव आजच सुरू करा, सहलीच्या आदल्या आठवड्यात नाही. वाईच्या पुढे पसरणी घाटाची वळणं सुरू होतात, तिथे तुम्हाला खरोखरच गाडी लागू शकते, म्हणून तिथे गाडी लागण्यावरचे उपाय रास्त आहेत: बसच्या पुढच्या भागात सीट, नजर समोरच्या रस्त्यावर, मोबाईल बंद, खिडकी थोडी उघडी, घाटाआधी हलकं खाणं. लहानपणापासून घाटात त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून एव्होमिनसारखी गोळी घेता येईल. ती घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निदान तास-दोन तास आधी घ्यावी लागते. झोप येते, त्यामुळे तिच्याबरोबर दारू नाही, आणि झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. गोळी फक्त घाटापुरती घ्या. ठाणे ते वाई या रस्त्यावर घाट नसेल तिथे मात्र लोकलचेच नियम: सारखे घोट नाहीत, घरी फोन नाही, आणि चढण्याआधी चार ओळींची नोंद. ड्रायव्हरला बस थांबवायला सांगावी लागली तर सांगा, घाटात बस थांबवणं त्याला नवीन नसतं. पाच मिनिटं खाली उतरून त्याच बसमध्ये परत चढा.